पयले त्याचं

मी तापट बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. अमरावतीला आमच्या गल्लीच्या पार टोकाला भाजीचा गाडा उभा असला तरी आई हाक मारायला मलाच सांगायची. दारातून ओरडले की गाडेवाला मुकाट्यानं वळून यायचा. अशी बाई पोरांना लोकशाही शिकवायला निघाली, यावर माझा दादा अजून हसतो.

त्याआधी मी अमरावतीतल्या एका खाजगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. एक दिवस फळ्यावर ठळक अक्षरात ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ लिहिलं, पुस्तक आणायला टेबलाकडं गेले, आणि परत वळून पाहते तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मॉनिटरनं चौकट आखून ‘बोलणाऱ्यांची नावे’ असं लिहिलेलं. खाली नावंही होती. मला आधी हसू आलं, आणि मग असा संताप आला की काय सांगू! त्या मॉनिटरचा काही दोष नव्हता, बिचारा रोजचं काम करत होता. ती चौकट आमच्या शाळेची पद्धतच होती. मी ती पुसून टाकली, पुन्हा आखायची नाही म्हणून सगळ्या वर्गाला बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून शिस्तीचं महत्त्व समजावलं. मग मी त्यांना शिस्तीबद्दल माझं मत समजावलं. केबिनच्या बाहेर शिपायापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. त्याच महिन्यात नोकरी गेली.

“गेली का सोडली?” दादा विचारतो.

“दोन्ही,” मी म्हणते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका मैत्रिणीच्या नणंदेचं लग्न होतं, तेल्हारा तालुक्यात, हिवरखेडच्या अलीकडच्या एका गावी. लग्नघराला लागून ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम होतं. कधीकाळी तिथं खताची पोती ठेवायचे. आता दार सताड उघडं, आत उंदीर, आणि बाहेरच्या ओट्यावर गावातली पोरं नुसती बसलेली. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी पंगतीत बुंदी वाढणाऱ्या माणसाला विचारलं, ही खोली कुणाची हो? तो माणूस गावात पिठाची चक्की चालवायचा आणि तेव्हा पंचायतीचा सदस्य होता. सगळं गाव त्याला भाऊ म्हणायचं. मी म्हटलं, मला इथं संध्याकाळी पोरांसाठी काहीतरी सुरू करायचंय. भाऊंनी बादली खाली ठेवली, मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, “घ्या ना ताई. उंदरायपेक्षा पोट्टे बरे.”

एवढ्या बोलण्यावर माझी सगळी उमेदीची वर्षं त्या गावात गेली. कागद नाही, सही नाही, ठराव नाही. तेव्हा त्याची गरजही वाटली नाही.

आमच्या जागेला शाळा असं कुणीच म्हणायचं नाही. पोरं दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत जायची, आणि ती सुटली की आमच्याकडं. “खोलीत चाललो,” असं ओरडून दप्तर घरात भिरकावलं की घरच्यांना कळायचं. कितीही चुना मारला तरी त्या भिंतींचा खताचा वास गेला नाही. आम्ही पेपर वाचायचो, सातबारा वाचायला शिकायचो, आणि पंचायतीचा नळ बंद का, हे विचारायला सगळे मिळून पंचायतीत जायचो. परीक्षा नव्हती. दर शनिवारी बैठक मात्र होती. बैठकीत ज्याला त्याला एक मत. पहिलीतल्या शेंबड्या पोराला एक आणि मलाही एकच.

पहिल्याच बैठकीत पोरांनी ठराव मांडला, की ताईनं ओरडायचं नाही आणि जो कोणी ओरडेल त्यानं खोली झाडायची. मी विरोधात मत दिलं. एकटीनंच! ते वर्षभर खोली बहुतेक मीच झाडली.

गावाला हे सगळं गमतीचं वाटायचं, पण कुरकुरही होती. “ताई, तुमी पोट्ट्यायले लय तोंड देऊन राहिल्या,” एक बाप मला म्हणाला. “काल पोट्टी मले म्हणे, बाबा, भाजी कोन्ती कराची त्याचं मत घ्या. म्या म्हटलं, घे! तर माय वो, मीच पडलो ना! वांगे खा लागले.” भाऊ तर, मी चक्कीवर दळण घेऊन गेले की, पट्ट्याच्या आवाजावरून ओरडून विचारायचे, “काय ताई, आज कोन्तं सरकार पाडलं?” मी ओरडून सांगायचे, “तुमचंच!” चक्कीवर ओरडलेलं झाडूत धरायचं नाही, असं पोरांनी मोठ्या मनानं ठरवलं होतं.

आता बकरीची गोष्ट. गावातल्या टेलरची मुलगी तेव्हा चौथीत होती. हडकुळी, केसांना चपचपीत तेल, आणि बोलायला लागली की समोरच्याची पाळी यायची नाही. ती रोज बगलेत बकरीचं पिल्लू घेऊन खोलीत यायला लागली. एक दिवस त्या पिल्लानं एका पोराचं चित्र खाल्लं. बैलजोडीचं चित्र होतं, पोरगा कित्येक दिवस ते रंगवत होता. शनिवारी बैठकीत रणधुमाळी. “बकरी खोलीत नाई पाह्यजे!” “माही बकरी येईनच!” दोघं एकमेकांच्या अंगावर, बाकीचे अर्धे इकडं, अर्धे तिकडं, आणि पिल्लू मधोमध उभं राहून बेंबटतंय. मी काही वेळ धीर धरला. मग माझा आवाज सुटला.

“अरे, तिचं म्हणणं काय आहे ते तरी कळलं का तुला? आधी तिचं सांग, मग तुझं!”

पोरगा गडबडला. असं कुणी त्याला कधी विचारलं नसणार. खाली बघत म्हणाला, “तिच्या घरी कोणी नाई. तिची अम्मी बाळंतपणासाठी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात हाय, अब्बा बी तिथंच हायेत. पिल्लाची माय मरून गेली. पिल्लू एकटं ठेवलं तर कुत्रे फाडतीन.”

मी पोरीला विचारलं, असंच का? तिनं मान हलवली. “हो, असंच.”

मग तिची पाळी. ती बराच वेळ त्याच्याकडं टक लावून बघत होती. “यानं लय मन लावून बैल काढले होते. ते बैल आता यायच्या घरी नाईत. चित्रच होतं.”

“हो, असंच,” पोरगा म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागला.

पुढं भांडण उरलंच नाही. पिल्लू यावं, दाराबाहेर बांधावं, आळीपाळीनं सगळ्यांनी पाला आणावा, असा ठराव झाला. आणि मी ओरडले होते म्हणून झाडू माझ्या हातात आला.

तेव्हापासून बैठकीत हा नियमच झाला. कुणाच्या म्हणण्याला विरोध करायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि तो ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. पोरांनी त्याला नाव दिलं, ‘पयले त्याचं’. कुणी तावातावानं बोलायला उठलं की सगळी खोली एका सुरात ओरडायची, “पयले त्याचं!” लबाडी करणारेही होते. “याचं म्हणणं असं का हा गाढव हाय,” असं सांगून बघायचे. समोरचा ‘नाई, असं नाई’ म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं. सांगून सांगून जीभ दुखायची त्यांची. काही जण तर दुसऱ्याचं नीट सांगून झालं की आपलं सांगायचंच विसरून खाली बसायचे.

टेलरची बायको काही आठवड्यांनी अकोल्याहून परत आली. बाळ आलं नाही. गावातल्या बाया जाऊन बसल्या तशी मीही गेले. ती भिंतीला टेकून बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पाय सुजले होते ताई, मले वाटलं चालून चालून सुजले.” पोरगी पुढच्या शनिवारी बैठकीला आली, पिल्लाला दाराबाहेर बांधलं आणि नेहमीच्या जागेवर बसली.

बकरीची गोष्ट मी पुढं कुठं कुठं सांगितली! अमरावतीला मैत्रिणींना, अकोल्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बायांना. चित्र खाल्लं इथं लोक हसायचे, मला झाडू मिळाला इथं तर पोट धरून हसायचे.

पोरं मोठी झाली. काही नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात लागली, माझा दादा तिथंच सुपरवायझर, तो त्यांना ओळखून असतो. “तुह्या खोलीतले पोट्टे मले पहिले माझंच म्हणणं सांगतात, मंग सुट्टी मागतात,” म्हणून तक्रार करतो. टेलरची मुलगी अकोल्याला जुन्या शहरात मामूकडं राहून बीए झाली. परत आली, अब्बांच्या मशीनवर बसली, आणि सरपंचपदाची निवडणूक लागली तेव्हा घरच्यांना न विचारता फॉर्म भरून आली. निवडून आली! त्या दिवशी मी रस्त्यात उभी राहून अशी ओरडले, की खोलीतल्या पोरांनी गुलालाच्या हातानं मला झाडू आणून दिला.

तोवर आमच्या गावची ग्रामसभा म्हणजे शिपायानं रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करणं. तिनं ते बंद केलं. ऑटोवर भोंगा बांधून गावभर फिरवला, खोलीतली सतरंजी नेऊन पंचायतीपुढच्या कडुनिंबाखाली अंथरली, बायांना पुढं बसवलं आणि म्हणाली, विषय असंन तो इथं बोला, चहाच्या टपरीवर नाई. पहिल्या वेळी लोक गंमत बघायला आले. मग सवय लागली. मीही त्या गावची मतदार, मीही पुढच्या रांगेत बसायचे, छाती फुगवून.

आणि एक दिवस तीच माझ्या दारात आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, तेव्हाच मला कळलं काहीतरी आहे.

“ताई, गावाले सिस्टर मंजूर झाली. रोज बसणार. पण दवाखान्याची इमारत होईन तवा होईन, तवरोक जागा पाह्यजे. भाऊनं अर्ज देला, खोली द्या म्हणून. विषय मी सभेपुढं ठेवून राहिली.”

“ठेव ना,” मी म्हटलं. “मी काय घाबरते का?”

घाबरले होते. त्या रात्री दादाचा फोन आला तर त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं. “आता तरी ये वापस,” तो म्हणाला. “मागची खोली रिकामीच हाय. तिथं आता तुहं काय हाय?” मी फोन आपटला, पण ते वाक्य काही आपटता आलं नाही. खरंच, त्या खोलीशिवाय माझं तिथं काय होतं? नवरा नाही, शेत नाही, सोयरेधायरे नाहीत. भाड्याचं घर आणि ती खताच्या वासाची खोली.

भाऊंचा तर मला असा राग आला! ज्या माणसानं बुंदीची बादली खाली ठेवून खोली दिली, तोच आता परत मागतोय. मी चक्कीवर जाणं बंद केलं. दळण दुसऱ्या गावाहून आणलं आणि भाकरी थापताना रोज मनातल्या मनात भाषण रचलं. काय काय नव्हतं त्यात! गावातल्या पोरांचं भवितव्य, दिलेला शब्द, संविधान. दोनदा तर भाकरी करपली.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होती. सकाळीच ऊन चढलेलं, कडुनिंबाच्या सावलीसाठी ढकलाढकली. मोठ्यांच्या मागं पंचायतीच्या ओट्यावर खोलीतली सगळी पोरं दाटीवाटीनं बसली होती. त्यांना मत नव्हतं, पण बसायला कोण अडवणार! सरपंचबाईनं विषय वाचला. भाऊ उठले, घसा खाकरला, “खोली दवाखान्याले द्या, बस,” एवढंच म्हणाले आणि खाली बसले. भाऊंना चक्कीबाहेर बोलायची सवय नाही.

मी उठले. भाषण जिभेवर तयार होतं. तोंड उघडलं, आणि काय बाहेर पडलं?

“भाऊंचं म्हणणं असं आहे...”

सवय हो! इतकी वर्षं दर शनिवारी तेच केलेलं. विरोध करायला उठलं की आधी त्याचं. मला थांबताच आलं नाही. आणि अर्धवट सांगायची तर आमच्याकडं पद्धतच नाही.

“भाऊंचं म्हणणं असं आहे, की मागच्या पावसाळ्यात त्यांची सून हिवरखेडच्या रस्त्यावर ऑटोतच बाळंत झाली. ऑटोला पडदे नव्हते. भाऊंनी चादर धरून आडोसा केला आणि तोंड फिरवून पावसात उभे राहिले. सासरे पडले, बघता येईना आणि सोडून जाताही येईना. बाई वाचली, बाळ वाचलं, ते नशीब. पण भाऊ म्हणतात, नशिबावर किती दिवस? बाईचे पाय सुजतात, तिला वाटतं चालून सुजले, आणि ते बघून ‘हे बरं नाही’ म्हणणारं गावात कुणी नाही. आता माणूस मिळालंय, तर बसायला जागा नाही. रस्त्यालगत, पक्क्या दाराची, नळ असलेली गावात एकच खोली आहे.”

मी नियमाप्रमाणं भाऊंकडं वळले. “असंच का, भाऊ?”

भाऊंचे डोळे डबडबले होते. “हो ताई,” ते म्हणाले. “असंच.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “ताई बी हो म्हणून राहिली! मंजूर!” आणि “मंजूर, मंजूर!” असा एकच गलका झाला, टाळ्या वाजल्या, पुढच्या रांगेतल्या एका बाईनं उठून माझे हात हातात घेतले. ग्रामसेवक लिहायलासुद्धा लागले. मी “अहो, पण, अहो,” करत उभी. ज्या आवाजानं अमरावतीचा गाडेवाला वळायचा, तो नेमका तेव्हा फुटेना.

पोरं ओट्यावर उभी राहिली आणि किंचाळायला लागली. “ताईचं राह्यलं! ताईचं राह्यलं!”

सरपंचबाईनं टेबलावर हात आपटला. “थांबा! ताईनं भाऊचं सांगितलं. आता भाऊनं ताईचं सांगावं. मंग मत.”

“म्या?” भाऊ म्हणाले. “म्या काय सांगू बापा?”

“पयले त्याचं!” ओट्यावरून आलं.

भाऊ पुन्हा उठले. “ताईचं म्हणणं असं का पोट्ट्यायचा अभ्यास बुडते.”

“नाई, असं नाई!” पोरं.

“ताईले वाटते का आपण बेइमान झालो. देलेली वस्तू वापस घेतली.”

“तेही आहे,” मी म्हटलं, “पण असं नाही.” सभा हसली. भाऊही हसले. टोपी काढून डोकं पुसलं. समोर बसलेल्या माणसांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

“पहिले ग्रामसभा कशी होये?” ते म्हणाले. “शिपाई रजिस्टर घेऊन चक्कीवर ये, म्या पिठाच्या हातानं सही करो. कायच्यावर केली ते बी वाचो नाई. आज एवढ्या बाया पुढं बसल्या. म्या मागितलं, ताईनं ऐकलं, कोणी कोणाची कॉलर नाई धरली. हे कुठून आलं? त्या खोलीतून आलं. ताई दवाखान्याले नाई म्हणत नाई. ताई म्हणते का, ही बोलाची जागा मोडली, तर उद्या दवाखान्याले कुलूप लागलं अन् सिस्टर आलीच नाई, तवा विचाराले कोण उठीन?”

माझ्या त्या एवढ्या मोठ्या भाषणात हे वाक्य नव्हतं. मी रचूच शकले नसते ते. “हो, भाऊ,” मी म्हटलं. “असंच.”

मग हात वर झाले. दवाखान्यासाठी जवळजवळ सगळे. भाऊंचा हात वर होता, आणि टेबलामागं सरपंचबाईचाही. मी खोलीसाठी हात वर केला. का नाही करणार? माझ्यासोबत खोलीतले दोन-चार जुने पोट्टे होते, तेही खाली बघत.

मी घरी आले आणि जे हाताला लागेल ते आदळलं. जेवले नाही. ऊन उतरल्यावर ती आली, ओढणी डोक्यावरून घेतलेली, चप्पल दाराबाहेर काढून उंबऱ्यावर बसली.

“सगळ्या गावानं हात वर केला, मला काही वाटलं नाही,” मी म्हटलं. “पण तू? तू सुद्धा? त्या खोलीत वाढलीस तू! तुझी बकरी वाढली त्या खोलीत!” शेजारची म्हातारी बाहेर आली इतकी ओरडले.

“ताई, झाडू घ्या लागन,” ती म्हणाली.

“हे माझं घर आहे, खोली नाही!”

“बरं,” ती म्हणाली. “मंग पयले माझं सांगा.”

मी घुश्शातच सुरू केलं. “तुझं काय, तू सरपंच, तुला गावाचं बघावं लागतं...”

“नाई, असं नाई.”

“तुला वाटतं पोरं कुठंही बसतील, दवाखाना...”

“असं नाई, ताई.” ती माझ्याकडं बघत होती. तेल लावलेली हडकुळी पोरगी चित्रवाल्या पोराकडं बघत होती तशीच.

आणि मग माझ्याच सकाळच्या शब्दांनी मला धरलं. पाय सुजतात, तिला वाटतं चालून सुजले. हे भाऊंच्या सुनेचं नव्हतंच. भाऊ असं कधी बोललेच नव्हते. हे मी कुठून आणलं होतं, ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिच्यासमोर उंबऱ्याशी बसले.

“तू चौथीत होतीस,” मी म्हटलं. “तुझ्या अम्मीचे पाय सुजले होते. गावात बघायला कुणी नव्हतं. अकोल्याला नेलं तोवर उशीर झाला. घरात तू आणि ते पिल्लू. बाळ येणार म्हणून तू वाट बघत होतीस. ते आलं नाही. आणि मी ती बकरीची गोष्ट इतकी वर्षं हसत हसत सांगत फिरले.”

तिनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मग म्हणाली, “हो, असंच.”

मी तिला पाणी दिलं. पिऊन झाल्यावर म्हणाली, “आता तुमचं.”

“माझं भाऊंनी सांगितलं की सभेत.”

“ते सभेतलं. आता तुमचं सांगू?” ती माझ्या तोंडाकडं न बघता बोलायला लागली. “ताईले वाटते का खोली गेली म्हणजे या गावात आपलं काई राह्यलं नाई. दादा अमरावतीले बोलावून राहिले. ताईले जाचं नाई. पण राहा म्हणून गावानं कधी म्हटलंच नाई, अन् ताई तोंडानं मागणार नाईत. तापट हायेत.”

नियम आमचाच. खरं सांगितलं असेल तर हो म्हणावंच लागतं, तिथं लबाडी चालत नाही. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, “हो. असंच.”

शनिवारी बैठक भाऊंच्या चक्कीपुढच्या पडवीत भरली. त्यांनी स्वतःच निरोप पाठवला होता. आम्ही गेलो तर चक्की चालू, एकाचं एकाला ऐकू येईना. भाऊंनी आमच्याकडं पाहिलं, आणि भर दळणाच्या वेळी हात पुसत जाऊन मोटार बंद केली. दळण घेऊन आलेल्या बाया डबे मांडीशी घेऊन तिथंच बसल्या. चौथीतल्या एका पोरीनं ठराव वाचला, की ताईनं अमरावतीला राहायला जायचं नाही.

विरोधात कोण, तर कुणीच नाही. बाजूनं कोण, म्हटल्यावर सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला. मागून एक पोट्टा ओरडला, “ताईचं मत धराचं नाई, ताईचाच विषय हाय!” यावर मी जी ओरडले, त्यानंतर ती पडवी मला झाडावी लागली. पिठाची पडवी झाडायला फार वेळ लागतो. भाऊ जोत्यावर बसून कुठं कुठं राहिलंय ते दाखवत होते.